मुलांचा इसब: वऱ्हाडातून घेतलेला आढावा

“मलम लावलं का बरं वाटते, सोडलं का पुन्हा येते जी.” अकोल्याचं सर्वोपचार असो की अमरावतीचं इर्विन, त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात लेकराला कडेवर घेऊन आलेल्या आयांच्या तोंडी ही तक्रार ठरलेली. रोगाचा स्वभाव त्यात नेमका आला आहे: इसब आटोक्यात येतो आणि उलटतो. उपचारातली सगळी भांडणंही तिथूनच सुरू होतात. मलम चुकीचं होतं, की अर्धवट लावलं, की रोग “आत दाबला” गेला? दूध बंद करायचं का? बोअरच्या पाण्याने होतं का? डॉक्टर, वैद्य, शेजारीण आणि मेडिकलवाला यांची उत्तरं चार तऱ्हेची असतात. त्यातलं कोणतं आज भक्कम पुराव्यावर उभं आहे, कोणतं डळमळीत आहे आणि वऱ्हाडापुरतं कोणतं अजून कोणी तपासलेलंच नाही, याचा हा आढावा.

रोगाची ओळख कशी बदलत गेली

इथे बोलायचं आहे ते ‘अॅटोपिक डर्मटायटिस’ या प्रकाराबद्दल. तान्ह्या बाळात तो गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या अंगाला दिसतो. मूल रांगू-चालू लागलं की कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत, मनगटावर, मानेवर सरकतो. खाज हे त्याचं मुख्य लक्षण. खाजेशिवाय हा इसब नसतो. बहुतेकांना पहिल्या पाच वर्षांत सुरू होतो, वय वाढेल तसा अनेकांचा ओसरतो, काहींचा मात्र मोठेपणीही टिकतो.

घरात दमा, सर्दी-शिंका आणि इसब एकत्र नांदतात हे डॉक्टरांनी फार पूर्वीच टिपलं होतं. १९२३ साली कोका आणि कुक यांनी या प्रवृत्तीला ‘अॅटोपी’ म्हटलं आणि १९३३ मध्ये वाइज व सुल्झबर्गर यांनी आजचं नाव रूढ केलं. १९८० मध्ये हॅनिफिन आणि राजका यांनी निदानाचे निकष मांडले. प्रयोगशाळेतली एकही तपासणी हा रोग ठामपणे सिद्ध करत नाही, निदान डोळ्यांनी आणि प्रश्नांनीच होतं, म्हणून ते निकष आजही वापरात आहेत.

कारणाबद्दल मात्र दोन तट होते. एका तटाचं म्हणणं असं की दोष रोगप्रतिकारशक्तीत आहे, ती नको तिथे भडकते आणि त्वचा बिघडते. दुसऱ्याचं म्हणणं, आधी त्वचेचं आवरण फाटतं, मग बाहेरचे पदार्थ आत शिरतात आणि प्रतिकारशक्ती चवताळते. मातीच्या भिंतीचा गिलावा निघाला की पाऊस आणि मुंग्या दोन्ही आत येतात, तसं. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘फिलॅग्रिन’ या प्रथिनाच्या जनुकातले बदल आणि इसब यांचा संबंध दाखवला आणि दुसऱ्या तटाचं पारडं जड झालं. तरी वाद मिटला असं म्हणता येत नाही. इसब असलेल्या बहुसंख्य मुलांत ते बदल सापडत नाहीत आणि युरोपात सापडलेले बदल भारतीयांत जसेच्या तसे आढळत नाहीत. आज बहुतेक जाणकार दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात असं मानतात. उपचारही त्यामुळे दुहेरी झाला: आवरण सांधा आणि आतला भडका शमवा.

भारतात हा रोग किती? १९९० च्या दशकात सुरू झालेल्या ‘आयझॅक’ या जागतिक पाहणीत भारतातल्या केंद्रांचे आकडे खालच्या टोकाला होते. तिच्या तिसऱ्या टप्प्यात सहा-सात वर्षांच्या मुलांमधलं सगळ्यात कमी प्रमाण भारतातल्याच एका केंद्रात नोंदलं गेलं, ०.९ टक्के. सगळ्यात जास्त इक्वाडोरमध्ये होतं, २२.५ टक्के. या आकड्यांचा एक अर्थ असा लावला जातो की गोठा, माती आणि भावंडांच्या गर्दीत वाढणाऱ्या मुलांची प्रतिकारशक्ती ताळ्यावर राहते. १९८९ मध्ये ब्रिटनच्या डेव्हिड स्ट्रॅचन यांनी मांडलेल्या स्वच्छतेच्या गृहीतकाशी हा अर्थ जुळतो. दुसरा अर्थ रोकडा आहे. अशी पाहणी पालकांच्या उत्तरांवर चालते, आणि जिथे खरूज, नायटा आणि घामोळ्या यांचीच चलती आहे तिथे इसब वेगळा ओळखलाच जात नाही. शहरातले त्वचारोगतज्ज्ञ रोग वाढल्याचं सांगतात. ती खरोखरची वाढ किती आणि ओळख वाढल्याने दिसणारी किती, हे ठरलेलं नाही.

आधी निदान नीट होऊ द्या

वऱ्हाडात पहिला घोळ इथेच होतो. घरातल्या चौघांना रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल, तर ती खरूज. तिच्यावर इसबाचं मलम लावून उपयोग नाही, सगळ्या घराला एकाच वेळी औषध लागतं. गोल चट्टा, कडा उठलेली, मधला भाग स्वच्छ, तर तो नायटा, म्हणजे बुरशी. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतभर हट्टी नायट्याची लाट आली आहे. २०२० मध्ये या बुरशीच्या एका जातीला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असं भारतावरूनच नाव मिळालं. नेहमीच्या गोळ्यांना ती दाद देत नाही, आणि ती फोफावण्यामागे स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा वाटा आहे असं त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

तिसरी गोष्ट गालावरच्या पांढुरक्या डागाची. इसबाच्या प्रवृत्तीच्या मुलांत असे फिकट, किंचित कोंडा असलेले डाग नेहमी दिसतात. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं ते अमरावतीतच. या भागाच्या मनात पांढऱ्या डागाची भीती खोल आहे, आणि ती निराधारही नाही, कारण विदर्भातून कुष्ठरोग पूर्ण गेलेला नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्याची संवेदना कमी झालेली असते, इसबाच्या डागाची नसते. लहान मुलाच्या चेहऱ्यावर ही परीक्षा अवघड जाते, म्हणून शंका असेल तर तज्ज्ञाला दाखवलंच पाहिजे. पण डाग पांढरा दिसला म्हणून मुलाला वेगळं बसवायचं काहीच कारण नाही. इसब लागट नाही.

चौथी अडचण पुस्तकांची. इसबाची तीव्रता मोजायच्या पद्धती गोऱ्या कातडीवरच्या लालीवर बेतलेल्या आहेत. सावळ्या मुलात लाली दिसत नाही. दिसतं ते करड्या-जांभळट छटेचं, जाड, कोरडं कातडं, किंवा केसांच्या मुळाशी उठलेले बारीक दाणे. रोग तीव्र असूनही ‘साधा’ म्हणून सुटतो तो यामुळे.

जिथे एकमत आहे

त्वचा ओशट ठेवा. यावर कोणाचं दुमत नाही. इंडियन सोसायटी फॉर पेडिअॅट्रिक डर्मेटॉलॉजीच्या कार्यगटाने २०१६ मध्ये तयार केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हाच पाया आहे. वाद आहेत ते कशाने, किती आणि कधी याबद्दल.

कशाने, याचं उत्तर ब्रिटनमधल्या ‘बी’ या चाचणीने २०२२ मध्ये दिलं. ५५० मुलांना लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम असे चार गट करून दिले. परिणामात फरक दिसला नाही. मुलाला जे आवडेल आणि घरात जे टिकेल ते वापरा, असा त्याचा सरळ अर्थ. महागड्या डबीची गरज नाही. साधी पेट्रोलियम जेली किंवा मेडिकलमध्ये मिळणारं पॅराफिनचं साधं मिश्रण चालतं. पण ब्रिटनच्या हवेत झालेली चाचणी अकोल्याच्या मे महिन्यात जशीच्या तशी कशी लावायची? पारा ४५ च्या वर असताना अंगभर जेली चोपडली तर मूल घामाने आणि घामोळ्यांनी हैराण होतं, आणि घाम हेच खाजेचं मोठं निमित्त. इथल्या डॉक्टरांचा व्यवहार मला जास्त पटतो: दिवाळीनंतर, हवा कोरडी पडली की घट्ट मलम, उन्हाळ्यात हलकं क्रीम. कूलरची हवा थेट अंगावर नको, पण खोली गार राहिली तर लेकरू झोपतं. पॅराफिनबद्दल आणखी एक इशारा. ते मुरलेले कपडे भरभर पेट घेतात, तेव्हा चुलीपासून आणि उदबत्तीपासून अशा कपड्यातलं मूल दूर ठेवा.

किती, याबद्दल बहुतेक घरांचा अंदाज फार कमी पडतो. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला पाव किलो ओशट मलम लागतं असं ब्रिटिश मार्गदर्शक सूचना सांगतात. पंचवीस-तीस ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवणाऱ्या घरात औषध ‘लागू पडत नाही’ यात नवल ते काय.

मालिशच्या तेलाचा प्रश्न नाजूक, कारण तो आजीच्या अधिकाराचा आहे. फिलिपिन्समध्ये ११७ मुलांवर आठ आठवडे झालेल्या अभ्यासात शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. उलट शेफिल्डच्या २०१३ च्या अभ्यासात ऑलिव्ह तेलाने त्वचेचं आवरण आणखी कमकुवत झालेलं आढळलं. सुशिक्षित घरांत ऑलिव्ह तेलाची बाटली आली आणि खोबरेल मागे पडलं, हा उलटा प्रवास झाला म्हणायचा. मोहरीच्या तेलाने प्राण्यांच्या त्वचेची भरपाई लांबल्याचे निष्कर्ष आहेत. डाळीचं पीठ, उटणं आणि घासून काढणं मात्र इसबाच्या बाळाला नकोच. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी काहींना मानवतं, पण ते अंगावर वाळलं की कोरडेपणा वाढतो.

अंघोळ रोज की एकाआड? पूर्वी कमी अंघोळ घालायला सांगत, नंतर रोज घालायला सांगू लागले. अलीकडे ब्रिटनमध्ये दोन्हींची थेट तुलना झाली आणि विशेष फरक दिसला नाही. जिथे नळ रोज येत नाही त्या अकोल्यात ही बातमी दिलासा देणारी आहे. अंघोळ थोडक्यात, कोमट पाण्याने, साबण जेमतेम, आणि अंग ओलसर असतानाच मलम. पाण्यात टाकायच्या महागड्या औषधी तेलांचा उपयोग नाही, हे ४८२ मुलांच्या ‘बाथ’ चाचणीने २०१८ मध्ये दाखवलं. रेशमी औषधी कपड्यांचंही तेच झालं. कपाशीच्या मुलखात सुती झबलं मिळायला अडचण नाही.

जन्मापासून मलम लावून इसब टाळता येईल का, हा प्रश्न अजून उघडा आहे. छोट्या अभ्यासांनी आशा दाखवली. मग ब्रिटनच्या १,३९४ बाळांच्या ‘बीप’ चाचणीने २०२० मध्ये ती मोडली: दोन वर्षांच्या वयात इसब एका गटात २३ टक्के, दुसऱ्यात २५ टक्के, आणि मलम लावलेल्यांत त्वचेचे संसर्ग थोडे जास्तच. २०२५ मध्ये अमेरिकेत सुमारे साडेबाराशे बाळांच्या अभ्यासाने पुन्हा काही प्रमाणात फायदा नोंदवला. तूर्त, रोग झाल्यावर मलम नक्की, रोग होण्याआधी लावावं की नाही याचा कौल लागायचा आहे.

खारपाणाचा प्रश्न

आता खास वऱ्हाडी मुद्दा. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर ते बुलढाणा जिल्ह्यापर्यंत खारपाण पट्टा पसरला आहे. शेकडो गावांच्या विहिरी-बोअरचं पाणी खारं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरी पुटं धरतात. पिण्यासाठी वान धरणावरची ८४ खेडी योजना किंवा शहानूरचं पाणी येतं तिथेही अंघोळ आणि धुणं पुष्कळदा बोअरच्याच पाण्यावर निघतं. या गावांतल्या आयांना विचारा, इसबाचं खापर त्या पाण्यावरच फोडतात.

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या नॉटिंगहॅमच्या अभ्यासात सर्वांत जड पाण्याच्या भागातल्या प्राथमिक शाळेच्या मुलांत वर्षभरातलं इसबाचं प्रमाण १७.३ टक्के होतं, सर्वांत मऊ पाण्याच्या भागात १२ टक्के. त्यामागची यंत्रणाही नंतर उलगडली. २०१८ मध्ये शेफिल्डच्या गटाने दाखवलं की जड पाण्याने धुतल्यावर साबणातला तीव्र घटक त्वचेवर जास्त शिल्लक राहतो आणि आवरण फाडतो, आणि फिलॅग्रिनचा दोष असलेल्यांना हा त्रास अधिक होतो.

मग पाणी मऊ केलं तर इसब बरा व्हायला हवा. तोही प्रयोग झाला. ३३६ मुलांच्या घरी बारा आठवडे पाणी मऊ करणारं यंत्र बसवून पाहिलं. निकाल २०११ मध्ये आला: कोणाकडे यंत्र आहे हे माहीत नसलेल्या परिचारिकांच्या मोजणीत दोन्ही गटांत फरक नव्हता. पालकांना मात्र फरक वाटला होता. म्हणजे जड पाण्याने रोग सुरू व्हायला हातभार लागत असेल, पण एकदा जडल्यावर पाणी बदलून तो जात नाही, असा अर्थ काढता येतो. तो अर्थही पक्का नाही.

आणि हे सगळं इंग्लंडचं पाणी. तिथलं पाणी जड आहे ते मुख्यतः चुनखडीच्या क्षारांनी. खारपाणात त्यांच्या जोडीला सोडियमचं मीठ मुबलक. पाणी मऊ करणारं यंत्र चुना काढतं आणि सोडियमच सोडतं. तेव्हा इंग्लंडचा निष्कर्ष दर्यापूरला लावायला गेलं तर गणितच बदलतं. एकाच तालुक्यात खारं आणि गोडं पाणी शेजारी शेजारी असलेली गावं वऱ्हाडाइतकी सोयीची क्वचितच सापडतील. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाला किंवा अकोल्याच्या शासकीय महाविद्यालयाला याहून चांगला संशोधनाचा विषय दाराशी मिळणार नाही, असं माझं मत आहे. तोवर व्यवहारापुरतं एवढं करता येतं: बाळाच्या अंघोळीची शेवटची तांब्याभर धार गोड्या पाण्याची, साबण कमीत कमी, कपडे नीट खळबळून काढलेले.

स्टेरॉइड: भीती आणि उधळण

१९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचं मलम इसबावर लावून पाहिलं आणि उपचाराचं चित्र पालटलं. तेव्हापासून भडकलेल्या इसबावर हेच पहिलं औषध आहे. आपल्याकडे या औषधाच्या दोन टोकांच्या कहाण्या एकाच गल्लीत सापडतात.

एका घरात स्टेरॉइड म्हटलं की आई हात आखडते. दोन दिवस लावून सोडते, रोग उलटतो, औषधावरचा विश्वास उडतो. शेजारच्या घरात क्लोबेटासॉल, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक असं तिहेरी मलम ‘खाजेचं’ म्हणून चिठ्ठीविना येतं आणि तान्ह्याच्या गालापासून आजोबांच्या जांघेपर्यंत सगळीकडे लागतं. क्लोबेटासॉल हे सर्वांत तीव्र गटातलं. बाळाच्या गालावर ते महिनोन्महिने लागलं तर कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, बंद केल्यावर चेहरा पेटतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ मलमांना चिठ्ठीची सक्ती केली. अंमलबजावणी किती झाली हे कुठल्याही बाजारपेठेत एक चक्कर मारल्यावर कळतं.

पुरावा काय सांगतो? नीट वापरलं तर धोका थोडा. कॉक्रेन आढाव्यात तपासलेल्या २२ चाचण्यांतल्या २,२६६ जणांपैकी २६ जणांत कातडी पातळ झालेली आढळली, त्यातले बहुतेक तीव्र मलमांचे. दिवसातून एकदा लावणं दोनदा लावण्याइतकंच चालतं. आणि वारंवार उलटणाऱ्या जागी, बरं झाल्यावरही, आठवड्यातून दोन दिवस मलम चालू ठेवलं तर रोग उलटण्याचं प्रमाण ५८ वरून २५ टक्क्यांवर येतं. “सोडलं का पुन्हा येते” या तक्रारीला आज जवळचं उत्तर हेच आहे. पण घाईच्या ओपीडीत ते सांगितलं जात नाही.

मोजमापाचंही तसंच. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापर्यंत, मलमाची एक रेघ काढायची. ते झालं एक ‘बोटाचं टोक’, सुमारे अर्धा ग्रॅम. तेवढ्यात मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांइतकी जागा भागते. दीड-दोन वर्षांच्या बाळाचा एक हात खांद्यापासून बोटांपर्यंत माखायला अशी दीड बोटं लागतात. १९९१ मध्ये इंग्लंडमध्ये रूढ झालेली ही युक्ती दाखवायला एक मिनिट लागतं, आणि एकदा दाखवली की ‘चिमूटभर’ आणि ‘थोडंसं’ यांचा घोळ संपतो.

मलम सोडल्यावर अंग पेटण्याचा वेगळा आजार आहे का, यावर जगभर वाद चालू आहे. रुग्णांच्या संघटना हो म्हणतात. डॉक्टरांपैकी काही मानतात, काहींना ते रोग उलटणंच वाटतं. नोंदलेल्या तक्रारी बहुतेक मोठ्यांच्या, चेहऱ्याच्या आणि तीव्र औषध दीर्घकाळ वापरल्याच्या आहेत. मुलांच्या सौम्य मलमाला तो न्याय लावणं घाईचं ठरेल.

चेहरा आणि पापण्यांसाठी टॅक्रोलिमस आणि पिमेक्रोलिमस ही स्टेरॉइड नसलेली मलमं आहेत. कर्करोगाच्या शंकेवरून अमेरिकेत २००६ मध्ये त्यांच्यावर ठळक इशारा छापला गेला. त्यानंतर टॅक्रोलिमस वापरणाऱ्या मुलांच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या, २,४१८ बाळांच्या अभ्यासात पिमेक्रोलिमस पाच वर्षं पाहिलं, आणि ती शंका खरी ठरली नाही. सुरुवातीला चुरचुरतं, हे आईला आधी सांगितलं नाही तर ट्यूब दुसऱ्या दिवशी कोनाड्यात जाते.

पथ्य: दूध, अंडी आणि मेळघाट

इसब म्हटला की पहिला सल्ला पथ्याचा. दूध बंद, अंडी बंद, वांगं बंद, शेंगदाणे बंद. काही मुलांना अन्नाची खरी अॅलर्जी असते हे निर्विवाद, विशेषतः तीव्र इसब असलेल्या तान्ह्यांत. ती ओळखता येते: पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत वा तासा-दोन तासांत गांधी, ओठ सुजणं, उलटी, दम लागणं. पण सरसकट पथ्याने इसब बरा होत नाही, फायदा झालाच तर अल्प, असंच आजवरच्या चाचण्यांचं सार आहे. रक्ताच्या अॅलर्जी तपासणीत ‘पॉझिटिव्ह’ पदार्थांची यादी येते. ती यादी म्हणजे अॅलर्जी नव्हे, शरीराने त्या पदार्थाची दखल घेतली एवढाच तिचा अर्थ.

उलट धोका दिसू लागला आहे. २०१५ च्या ‘लीप’ चाचणीत तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी काहींना शेंगदाणा लवकर सुरू केला, काहींना टाळायला लावला. त्वचाचाचणी सुरुवातीला निर्दोष असलेल्या बाळांत पुढे शेंगदाण्याची अॅलर्जी टाळणाऱ्यांत १३.७ टक्के, खाणाऱ्यांत १.९ टक्के निघाली. (बाळाला अर्थातच कूट किंवा पातळ केलेलं, अख्खा दाणा नव्हे. तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.) आणि मेळघाटातल्या, चिखलदरा-धारणीकडच्या लेकराचं दूध-अंडं तोडण्याआधी तर दहादा विचार हवा. जिथे कुपोषणाने तीन दशकं बातम्या केल्या, तिथे खाजेपायी वजन घटवणं परवडणारं नाही.

इतर वाटा

अमरावतीत विदर्भ आयुर्वेद महाविद्यालय आहे, होमिओपॅथीचे दवाखाने दोन्ही शहरांत गल्लोगल्ली. वैद्य या रोगाला चरकसंहितेत क्षुद्रकुष्ठांत सांगितलेल्या विचर्चिकेशी जोडतात आणि रक्तशुद्धी, पथ्य व तेल-तुपाच्या उपचारांवर भर देतात. होमिओपॅथीचे डॉक्टर सांगतात की मलमाने रोग दबतो आणि पुढे दमा होऊन बाहेर पडतो. हा समज घरोघरी रुजला आहे, आणि त्याचं कारण खऱ्या निरीक्षणात आहे: इसबाच्या अनेक मुलांना पुढे दमा होतोच. पण तो मलम न लावलेल्यांनाही होतो. एकामागून एक येणं म्हणजे एकामुळे दुसरं होणं नव्हे. या दोन्ही पद्धतींच्या बाजूने मोठ्या, काटेकोर चाचण्या फारशा नाहीत. वैद्यांचा स्निग्ध लेपावरचा भर मात्र आजच्या शास्त्राशी जुळतो. खरा धोका बिनलेबलाच्या ‘जडीबुटी’ मलमाचा. लंडनमध्ये १९९९ मध्ये तपासलेल्या ११ चिनी वनौषधी मलमांपैकी ८ मध्ये स्टेरॉइड निघालं होतं. लावताच रात्रीत गुण येणारी डबी असेल तर तिच्यात काय आहे याची शंका घ्यावी.

नवी औषधं

डुपिलुमॅबचं इंजेक्शन अमेरिकेत २०१७ मध्ये मोठ्यांसाठी आणि २०२२ मध्ये सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे मान्य झालं. तीव्र इसबात ते गुणकारी आहे. किंमत वऱ्हाडातल्या कापूस उत्पादक कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे. जॅक गटातल्या गोळ्या स्वस्त पडतात, पण त्यातल्या बहुतेक किशोरवयापासून पुढे, आणि रक्त तपासत राहावं लागतं. आपल्या कामाची बातमी वेगळीच: १०३ मुलांवरच्या ‘ट्रीट’ चाचणीत २०२३ मध्ये दिसलं की सायक्लोस्पोरिन लवकर काम करतं, पण जुनं, स्वस्त मेथोट्रेक्सेट बंद केल्यावरही गुण जास्त टिकवतं.

वऱ्हाडात काय करता येईल

औषधांचा प्रश्न बराचसा सुटला आहे, पोहोचवण्याचा नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत खरूज आणि बुरशीबरोबर इसबाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या पथकाने अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांना एकदा तपासायचं असतं. म्हणजे ओळखायची यंत्रणा कागदावर आहे. तिच्या हाती साधं ओशट मलम, सौम्य स्टेरॉइड आणि बोटाच्या टोकाचं मोजमाप शिकवायची पाच मिनिटं दिली, तर मोठ्या दवाखान्याची गरज मोजक्याच मुलांना उरेल. ही मलमं बाह्यरुग्ण उपचारातली. दाखल रुग्णांभोवती रचलेल्या विमा योजनांत त्यांचा खर्च बसत नाही, आणि दर महिन्याचा तो खर्चच अनेक घरांत उपचार अर्धवट सोडायला लावतो. याकडे आरोग्य खात्याने पाहायला हवं.

पालकांनी मात्र दोन गोष्टी आजच कराव्यात. ताप आणि इसबावर अचानक एकसारख्या, दुखऱ्या पाणीदार फोडांचे घोस दिसले तर तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी मलमं, तेलं, साबण आणि बिनलेबलाच्या डब्या एका पिशवीत घालून न्याव्यात, टेबलावर ओताव्यात, आणि कोणतं ठेवायचं, कोणतं टाकायचं, कुठे, किती, किती दिवस लावायचं, हे कागदावर मराठीत लिहून मागावं.